चाकांवरचं स्वयंपाकघर सीमेपलीकडे नेताना

विमानाने जाणारा माणूस बॅगेत काय भरायचं ते ठरवून भरतो. मोटरहोमवाल्याचं, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या मोठ्या गाडीतून फिरणाऱ्याचं, तसं नसतं, तो अख्खं चालतं स्वयंपाकघर घेऊन निघालेला असतो. फ्रिजमध्ये अर्धं संपलेलं लोणी, दाराच्या कप्प्यात दूध, बाकाखाली बटाटे, कुत्र्याच्या खाण्याची पिशवी, गाडीच्या मागच्या गॅरेजमध्ये (सामानाच्या मोठ्या कप्प्यात) वाइनचे खोके आणि केराच्या डब्यात सकाळच्या फळांची सालं. यातलं काही आपण ‘आयात’ करतोय असं आपल्या मनातही येत नाही. नाक्यावरच्या अधिकाऱ्याच्या लेखी मात्र ती सगळी आयातच असते.

माझ्या पहिल्या लांबच्या प्रवासात एका नाक्यावर चीजचे दोन मोठे तुकडे, मांसाची दोन पाकिटं आणि जवळजवळ सगळी भाजी कचऱ्यात गेली. मी सगळं स्वतःहून दाखवलं होतं, त्यामुळे दंड झाला नाही. पण चांगलं अन्न डोळ्यांदेखत टाकलं जाताना फार वाईट वाटलं. तेव्हापासून सीमा ओलांडण्याची तयारी मी स्वयंपाकापासून सुरू करतो. ती पद्धत इथे सविस्तर मांडतो आहे.

आधी कारण समजून घ्या

नियमांच्या याद्या देशागणिक वेगळ्या असतात आणि वरचेवर बदलतात. पण त्यांच्यामागची भीती सगळीकडे एकच आहे: जनावरांचे आणि पिकांचे रोग. ती समजली की कोणत्या जिन्नसावर बोट ठेवलं जाणार, याचा अंदाज यादी न वाचताही बऱ्यापैकी बांधता येतो.

२००१ मध्ये ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकुताची मोठी साथ आली. ती आटोक्यात आणताना साठ लाखांहून अधिक जनावरं मारावी लागली. तिचा उगम नॉर्थम्बरलंडमधल्या एका वराहपालन केंद्रात, नीट न उकळलेलं खरकटं डुकरांना घातल्याने झाला आणि त्या खरकट्यात बेकायदा आणलेलं मांस असावं, असं मानलं जातं. आफ्रिकन स्वाइन फीवर या डुकरांच्या रोगाचा विषाणू माणसाला काही करत नाही, पण खारवून वाळवलेल्या डुकराच्या मांसात तो महिनोन् महिने तग धरतो. गोठवल्यानेही मरत नाही. २०१८ मध्ये हा रोग बेल्जियममधल्या रानडुकरांत अचानक उपटला. त्या वेळची सर्वांत जवळची बाधित ठिकाणंही शेकडो किलोमीटर दूर होती. रानडुक्कर एवढी मजल मारत नाही, तेव्हा माणसानेच तो तिथवर नेला असणार असा तज्ज्ञांचा निष्कर्ष होता. महामार्गाच्या थांब्यावर टाकलेला सँडविचचा अर्धा तुकडा एवढ्या कामाला पुरतो.

म्हणून मांस आणि दुधाचे पदार्थ सगळ्यांत धोक्याचे. त्याखालोखाल ताजी फळं, भाज्या, बिया, माती लागलेली कंदमुळं आणि सरपण, कारण त्यांच्यातून फळमाशी, कीड, बुरशी जाते. काही ठिकाणी मधही, कारण त्यातून मधमाश्यांचे रोग पसरतात. भट्टीत भाजलेलं, सुकं, डबाबंद, फ्रिजशिवाय टिकणारं आणि मांस नसलेलं अन्न बहुतेक सीमांवर सुखरूप पार होतं. ब्रेड, बिस्किटं, कोरडा पास्ता, तांदूळ, साखर, मीठ, चहा, कॉफी यांना क्वचितच कोणी हात लावतं.

पायरी १: प्रवासाचा मार्ग सीमांच्या भाषेत लिहा

महिनाभर आधी नकाशा घेऊन बसा आणि वाटेतली प्रत्येक सीमा वहीत लिहा. प्रत्येकीपुढे ती कोणत्या प्रकारची आहे हे नोंदवा. माझ्या हिशेबात तीन प्रकार आहेत.

पहिला प्रकार, नावापुरती सीमा. युरोपीय संघाच्या आत एका देशातून दुसऱ्यात जाताना नेहमीच्या खाण्यापिण्यावर बंधन नसतं. फ्रान्समधलं चीज स्पेनमध्ये न्या, कोणी विचारणार नाही. एखाद्या भागात साथ चालू असेल तर तेवढ्या टापूपुरते निर्बंध लागतात.

दुसरा, खरीखुरी सीमा: ब्रिटन ते फ्रान्स, सर्बिया ते हंगेरी, तुर्कस्तान ते ग्रीस, मेक्सिको ते अमेरिका. इथे संपूर्ण तयारी हवी.

तिसरा प्रकार बेसावध प्रवाशाला पकडतो, तो म्हणजे देशाच्या आतली सीमा. ऑस्ट्रेलियात पूर्वेकडून नलारबर मैदान ओलांडून वेस्टर्न ऑस्ट्रेलियात शिरताना बॉर्डर व्हिलेजला गाडी थांबवून तपासतात. ताजी फळं, भाज्या आणि मध तिथे काढून घेतला जातो. उलट दिशेने आलात तर साउथ ऑस्ट्रेलियाची तपासणी थेट सेदुनाला, सीमेपासून जवळपास ४८० किलोमीटर आत होते. स्टर्ट महामार्गावर यांबाचा नाका रिव्हरलँडच्या फळबागांना फळमाशीपासून जपण्यासाठी आहे. टास्मानिया बेटावर जाणाऱ्या फेरीबोटीत चढतानाही ताजी फळं-भाज्या नेता येत नाहीत. अमेरिकेत कॅलिफोर्नियात शिरणाऱ्या मोठ्या रस्त्यांवर राज्याचे स्वतःचे कृषी तपासणी नाके आहेत. नामिबियात उत्तर आणि दक्षिण भागांमध्ये जनावरांच्या रोगांसाठी घातलेलं लांबच लांब कुंपण आहे. उत्तरेकडून खाली येताना कच्चं मांस त्यापलीकडे आणता येत नाही. बोत्स्वानातही पशुवैद्यकीय कुंपणांवर फ्रिज उघडून दाखवावा लागतो, शिवाय चपला-बूट औषधी पाण्यात बुडवून पुढे जावं लागतं. अशा नाक्यावर ‘मी देश सोडलेलाच नाही’ हे सांगून उपयोग नसतो.

मार्ग लिहिताना एक गोष्ट ठळक अक्षरांत लिहून ठेवा. माल कुठे विकत घेतला यापेक्षा तुम्ही कुठून आत शिरता याला महत्त्व असतं. समजा, हंगेरीत मांस घेतलं, सर्बियात दोन दिवस राहिलात आणि पुन्हा हंगेरीत आलात. ते मांस आता युरोपीय संघाबाहेरून येतं आहे. दुकानाची पावती दाखवून ते सुटत नाही. त्यामुळे छोटासा वळसा घालून सीमा टळत असेल तर तेही पाहा. क्रोएशियाच्या किनाऱ्याने दुब्रोव्निकला जाताना पूर्वी नेउमजवळ बोस्नियातून जाऊन परत युरोपीय संघात यावं लागे. जुलै २०२२ मध्ये पेल्येशात्सचा पूल खुला झाल्यापासून संघाबाहेर पाऊल न टाकता पोहोचता येतं, आणि फ्रिजचा प्रश्नच उरत नाही.

पायरी २: प्रत्येक खऱ्या सीमेचा नियम मुळातून वाचा

ज्या देशात शिरायचं आहे त्याच्या सीमाशुल्क आणि कृषी खात्याची पानं वाचा. प्रवाशांच्या गप्पांमधून कळणारा नियम बहुतेक वेळा दोन वर्षांपूर्वीचा असतो. दोनदा वाचा: एकदा बेत आखताना आणि एकदा सीमेच्या दोन-तीन दिवस आधी. साथ आली की नियम एका रात्रीत बदलतो. १० जानेवारी २०२५ ला जर्मनीत लाळ्या-खुरकुताची लागण जाहीर झाली, मार्चमध्ये हंगेरी आणि स्लोव्हाकियात. १२ एप्रिलपासून ब्रिटनने युरोपीय संघातून येणाऱ्या प्रवाशांना गाय, मेंढी, शेळी आणि डुक्कर यांचं मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी घातली. वेष्टन सीलबंद असो, माल ड्यूटी-फ्री दुकानातला असो, सँडविचमध्ये घातलेला असो, फरक पडत नाही. गंभीर प्रकरणात दंड ५,००० पौंडांपर्यंत जाऊ शकतो. आदल्या आठवड्यात निघालेल्या माणसाला परतताना वेगळाच नियम भेटला.

उलट दिशेचा नियम त्याहून जुना आहे. १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटनमधून युरोपीय संघात येताना मांस आणि दूध, तसंच ते घातलेले बरेचसे पदार्थ आणता येत नाहीत. त्याच महिन्यात नेदरलँड्समधल्या हुक ऑफ हॉलंडच्या बंदरात चालकांच्या डब्यातले हॅम सँडविच जप्त झाल्याची दृश्यं टीव्हीवर जगभर दिसली होती.

युरोपीय संघाबाहेरून संघात येताना लक्षात ठेवायचा ढोबळ नकाशा असा. मांस आणि दूध नाही. बाळाची दुधाची पावडर, बाळाचं अन्न आणि वैद्यकीय कारणासाठी लागणारं खास अन्न माणशी २ किलोपर्यंत चालतं, पण ते उघडण्याआधी फ्रिज लागणारं नसावं, नावाजलेल्या कंपनीचं, मूळ वेष्टनातलं असावं, आणि वेष्टन फोडलेलं असेल तर ते सध्या वापरात असलंच पाहिजे. मासे २० किलोपर्यंत, ताजे असतील तर आतडी काढलेले. मध २ किलोपर्यंत. ताज्या फळं-भाज्यांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, जे सुट्टीवरचा माणूस काही काढत बसत नाही. त्यातून सुटलेली फळं पाचच: अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर. मी दर वेळी सीमेच्या सकाळच्या न्याहारीला केळी ठेवतो, ती याचसाठी.

नॉर्वे आणि स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाहीत, पण त्यांचा प्रकार वेगळा आहे. तिथे रोगापेक्षा जास्त स्थानिक शेती आणि कर यांचं गणित असतं, म्हणून बंदीऐवजी माणशी मर्यादा असते. स्वित्झर्लंडमध्ये माणशी दिवसाला १ किलो मांस, १ किलो लोणी-साय आणि ५ लिटर खाद्यतेल करमुक्त. मांस त्याहून जास्त असेल तर १० किलोपर्यंत दर किलोला १७ फ्रँक भरावे लागतात. शिवाय १ जानेवारी २०२५ पासून एकूण मालाची करमुक्त किंमत माणशी ३०० वरून १५० फ्रँकवर आली आहे. महिन्याचा किराणा भरून निघालेल्या मोटरहोमला ही मर्यादा सहज लागते. तिथल्या सीमाशुल्क खात्याचं ‘क्विकझोल’ नावाचं मोबाइल ॲप आहे, त्यावर आधीच घोषणा करून पैसे भरता येतात. नॉर्वेत युरोपीय आर्थिक क्षेत्रातून (युरोपीय संघ आणि त्याच्याशी जोडलेले काही देश) येताना मांस, चीज वगैरे मिळून माणशी १० किलो चालतं. बटाटे मात्र एकही नाही. हा नियम माहीत नसल्याने बाकाखालची पिशवी नाक्यावर रिकामी करणारे प्रवासी मी पाहिले आहेत.

अमेरिकेत शिरताना सगळं सांगायचं, अगदी एक सफरचंदसुद्धा. तिथे माल कुठे पिकला हेही पाहिलं जातं. लिंबूवर्गीय फळ कॅनडातल्या दुकानातून घेतलं म्हणून ते कॅनडात पिकलेलं ठरत नाही. फळावरचं चिकटवलेलं लेबल सोलून टाकू नका. मेक्सिकोतून कच्ची अंडी आणि कच्ची कोंबडी नेता येत नाही. २०२३ च्या सुरुवातीला अमेरिकेत अंडी महागली तेव्हा सीमेवर अंडी पकडण्याचे प्रसंग एकदम वाढले. ज्यांनी ‘आमच्याकडे अंडी आहेत’ असं सांगितलं, त्यांची अंडी तेवढी गेली. ज्यांनी लपवली त्यांना दंड बसला. या सगळ्या लेखातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा धडा त्या एका प्रसंगात आहे.

पायरी ३: आठवड्याचा स्वयंपाक उलट्या बाजूने आखा

सीमा ओलांडायचा दिवस कागदाच्या तळाशी लिहा आणि तिथून वर मोजत या. सीमेच्या सात दिवस आधी शेवटची मोठी खरेदी. त्यानंतर फक्त दूध, ब्रेड यांसारख्या रोजच्या वस्तू, तेही छोट्या पाकिटात. सहाव्या दिवशी सगळा फ्रिज, फ्रीझर आणि कपाटं बाहेर काढून एकदा बघायची. फ्रीझर विसरला जातो. तळाशी बर्फात रुतलेलं मांसाचं पाकीट नाक्यावरच सापडतं.

मग क्रम लावा. गोठवलेलं मांस आधी संपवा, कारण ते वितळायला वेळ लागतो आणि शेवटच्या दिवशी एवढं मांस खाणार कोण? चौथ्या-तिसऱ्या दिवशी चीज आणि लोणी वापरणारे पदार्थ करा. सीमेच्या दोन दिवस आधी उरलेल्या सगळ्या भाज्यांचं एकच मोठं सूप किंवा रस्सा. आदल्या रात्री अंडी. सीमेच्या सकाळी कोरडा ब्रेड, जॅम, केळी आणि दुधाशिवायचा चहा. या पद्धतीने खाण्यात मजा आहे, असं मी मनापासून सांगतो. आमचे काही उत्तम रस्से सीमेच्या तोंडावर झालेत, कारण भांड्यात पडेल ते सगळं टाकायचं होतं.

तरी उरलंच, तर मुक्कामाच्या ठिकाणी शेजारच्या गाडीला विचारा. उलट दिशेने जाणारं कोणी ना कोणी असतंच आणि न उघडलेलं लोण्याचं पाकीट आनंदाने घेतं. काही तळांवर उरलेल्या जिनसांसाठी सामायिक फळी असते. पण अन्न उघड्यावर, झाडाखाली किंवा बिनझाकणाच्या डब्यात ठेवून जाऊ नका. वरचा रानडुकराचा किस्सा आठवा.

पायरी ४: उरलेलं तीन ठिकाणी लावा

आदल्या संध्याकाळी उरलेलं सगळं अन्न तीन भागांत करा.

पहिलं कपाट: निर्विवाद चालणारं. सुका शिधा, चहा-कॉफी, डबाबंद भाज्या, बिस्किटं.

दुसरी पेटी: विचारावं लागेल असं काहीही. मध, मासे, बाळाचं अन्न, औषधी आहार, ज्यावर दुधाचा उल्लेख आहे असं चॉकलेट किंवा केक, घरी बनवून बरणीत भरलेलं काही. ही पेटी गाडीच्या दाराशी, हाताला येईल अशी ठेवायची. घटक छापलेलं मूळ वेष्टन ठेवाच. पास्ता किंवा पीठ सुबक बरण्यांत ओतून ठेवायची मोटरहोमवाल्यांना हौस असते (बरण्या आवाज करत नाहीत, हेही खरं), पण मग वेष्टनावरचा घटकांचा भाग कापून बरणीला चिकटवा. घरी केलेल्या पदार्थावर घटकांची यादी नसते आणि अधिकाऱ्याला तुमच्या शब्दाखेरीज काही दिसत नाही, त्यामुळे तो पदार्थ गेला तर वाद घालू नका.

तिसरी पिशवी: टाकायचं. हिचं तोंड बांधून ती सीमेच्या अलीकडच्या झाकणवाल्या डब्यात टाका. स्वयंपाकघरातली कचऱ्याची पेटी आणि सालींचा डबा याच वेळी रिकामा करून धुवा. फळ खाऊन साल डब्यात ठेवली तरी फळमाशीची अंडी त्यात असू शकतात.

प्राण्यांच्या खाण्याकडे वेगळं लक्ष द्या. ब्रिटनमधून युरोपीय संघात जाताना मांस असलेलं कुत्र्या-मांजराचं अन्न, चघळायची हाडं, वाळवलेले कान हे सगळं मांसाच्या नियमात येतं. पशुवैद्याने सांगितलेला खास आहार २ किलोपर्यंत नेता येतो, तोही मूळ वेष्टनात, फ्रिजशिवाय टिकणारा. सोबत पशुवैद्याची चिठ्ठी ठेवा. प्राण्याचं अन्न एकदम बदललं तर पोट बिघडतं, म्हणून सीमेपलीकडे मिळणाऱ्या एखाद्या ब्रँडवर त्याला आठ-दहा दिवस आधीपासून हळूहळू आणा.

सरपण तर नकोच. २००२ मध्ये मिशिगनमध्ये ॲश झाडं पोखरणारा एक हिरवा भुंगा सापडला. पुढच्या काही वर्षांत तो उत्तर अमेरिकेत दूरवर पसरला आणि कोट्यवधी झाडं मेली. या पसरण्यात कॅम्पिंगसाठी गाडीतून नेलेल्या लाकडांचा मोठा वाटा होता. लाकूड जिथे जाळायचं तिथेच घ्या.

पायरी ५: पेयांचं प्रमाण आणि वजन

मद्याच्या बाबतीत दोन वेगवेगळ्या व्यवस्था आहेत आणि लोक त्या एकमेकींत मिसळतात. युरोपीय संघाच्या आत, स्वतःसाठी कर भरून घेतलेलं मद्य नेताना जे आकडे सांगितले जातात ते संशयाची रेषा दाखवतात: १० लिटर स्पिरिट (व्हिस्की, व्होडकासारखं कडक मद्य), २० लिटर फोर्टिफाइड वाइन (पोर्टसारखी, वरून कडक मद्य घातलेली), ९० लिटर वाइन (त्यात फेसाळ ६० लिटरपर्यंत) आणि ११० लिटर बीअर. त्याहून जास्त असेल तर हे स्वतःसाठीच आहे का, हे तुम्हाला पटवून द्यावं लागतं. मित्राला भेट द्यायला हरकत नाही. त्याच्याकडून पैसे घेतले की तो व्यापार झाला.

संघाबाहेरून संघात येताना ती पक्की मर्यादा असते: माणशी २२ टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असलेलं मद्य १ लिटर किंवा त्याखालचं २ लिटर, शिवाय ४ लिटर साधी वाइन आणि १६ लिटर बीअर. ब्रिटनमध्ये शिरताना ४२ लिटर बीअर, १८ लिटर साधी वाइन आणि ४ लिटर स्पिरिट, किंवा स्पिरिटऐवजी ९ लिटर फेसाळ अथवा फोर्टिफाइड वाइन. ब्रिटनमध्ये एखाद्या गटात मर्यादा ओलांडली तर वरच्या भागावर नव्हे, त्या गटातल्या सगळ्या मालावर कर लागतो. दोन खोके जास्त घेण्याआधी हे गणित करून पाहा. १७ वर्षांखालच्या मुलांच्या नावावर मद्य धरता येत नाही. नॉर्वेत स्पिरिटसाठी वय २० लागतं, स्वीडनमध्ये कोणत्याही मद्यासाठी २०. कॅनडात १.५ लिटर वाइन, १.१४ लिटर स्पिरिट किंवा ८.५ लिटर बीअर, यांपैकी एकच. इराण, कुवेत, लिबिया अशा देशांत मद्याला बंदी आहे. तिकडे वळण्यापूर्वी स्वयंपाकात घालायची वाइनची बाटलीसुद्धा शोधून काढा.

आता वजन. ते कायद्याइतकंच महत्त्वाचं आहे, आणि खरेदीच्या भरात सगळे विसरतात. ९० लिटर वाइन म्हणजे ७५० मिलीच्या १२० बाटल्या. काचेसकट एक बाटली साधारण सव्वा किलो भरते, म्हणजे झाले १५० किलो. ११० लिटर बीअर डब्यांसकट आणखी ११५ च्या आसपास. एकूण ३,५०० किलोची मर्यादा असलेल्या मोटरहोममध्ये माणसं, पाणी, गॅस, सायकली धरल्यावर अनेकदा दोन-तीनशे किलोच शिल्लक असतात. शिवाय खोके जातात मागच्या गॅरेजमध्ये, मागच्या आसाच्याही (ॲक्सलच्या) मागे. तिथलं वजन तरफेसारखं काम करतं: मागचा आस स्वतःच्या मर्यादेबाहेर दबतो, पुढची चाकं हलकी होतात आणि ओल्या उतारावर सुकाणू सैल वाटू लागतं. बाटल्या दोन आसांच्या मध्ये, जमिनीलगत ठेवा, प्रत्येकीला पायमोजा चढवा, आणि भरल्यानंतर एकदा वजनकाट्यावर दोन्ही आस वेगळे तोलून घ्या. पिण्याच्या पाण्याची टाकी भरून सीमा ओलांडायची गरज नाही. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, आणि पाणी पलीकडेही मिळतं.

पायरी ६: फेरीबोट असेल तर फ्रिजची सोय

फेरीत चढताना गॅसची नळकांडी बंद करायला सांगतात आणि प्रवासात गाडीच्या डेकवर जाऊ देत नाहीत. गॅस, वीज आणि १२ व्होल्टवर चालणारा ॲबसॉर्प्शन फ्रिज इंजिन बंद झालं की १२ व्होल्टवर चालवता येत नाही, बॅटरी काही तासांतच मान टाकते. घरच्या फ्रिजसारखा कॉम्प्रेसरचा फ्रिज मात्र बॅटरीवर रात्र काढतो. ॲबसॉर्प्शनवाल्यांनी आदल्या रात्री विजेच्या जोडणीवर फ्रिज पूर्ण थंड करून घ्या, पाण्याच्या दोन-तीन बाटल्या गोठवून वरच्या कप्प्यात ठेवा आणि फेरीत चढल्यापासून उतरेपर्यंत दार उघडूच नका. दोन तासांच्या फेरीला एवढं पुरतं. रात्रभराची असेल तर नाशवंत काही ठेवू नका. उतरल्यावर आतलं तापमान पाहा. कच्चं मांस-मासे ५ अंशांच्या खाली राहिले पाहिजेत. इटली-ग्रीस मार्गावर उन्हाळ्यात काही फेऱ्यांमध्ये गाडीतच राहण्याची आणि वीज जोडण्याची सोय असते, तिथे ही चिंता नाही.

पायरी ७: नाक्यावर

नाक्याच्या थोडं अलीकडे थांबून दारं, बाहेरचे कप्पे आणि गॅरेज यांच्या किल्ल्या एकत्र काढा. पलंगाखालची जागा मोकळी करता येते ना, ते पाहा. गाडीच्या आत अधिकाऱ्याला पाय ठेवायला जागा असू द्या. एक कागद तयार ठेवा: काय आहे, किती आहे, कुठे ठेवलंय. त्यांच्या भाषेत लिहिता आला तर फारच छान, नाहीतर वस्तूंची चित्रंही चालतात.

‘जाहीर करायचं काही आहे का?’ या प्रश्नाला ‘नाही’ असं उत्तर देण्याआधी क्षणभर थांबा. शंका असेल तर ‘आहे’ म्हणा आणि दुसरी पेटी पुढे करा. दोन रांगा असतील तर लाल रांगेत, म्हणजे काही जाहीर करायचं असलेल्यांच्या रांगेत जा. दहा-पंधरा मिनिटं जातात, पण लपवल्याचा शिक्का बसत नाही. अधिकारी काही काढून घेत असेल तर शांतपणे द्या. नियम तुम्ही वेगळा वाचला असेल तर कोणता आणि कुठे, ते फोनवर उघडून सौम्यपणे दाखवा. मी एकदा बाळाच्या अन्नाचा नियम असा दाखवला होता आणि ते परत मिळालं. आवाज चढवून काही परत मिळाल्याचं मात्र मी आजवर पाहिलेलं नाही.

मुलांना आधी सांगून ठेवा. मागच्या बाकावर मुलाच्या दप्तरात अर्धवट खाल्लेलं सँडविच असतंच, आणि कुत्र्याला ते आधी कळतं, तपासणीच्या कुत्र्याला तर नक्कीच.

पलीकडे गेल्यावर

पहिल्या दिवशी फक्त दोन दिवसांची खरेदी करा. दमलेल्या अवस्थेत, अनोळखी दुकानात आठवड्याचा बाजार केला की निम्मं चुकीचं येतं. पावत्या जपून ठेवा, मद्याच्या तर नक्कीच, कारण कर कुठे भरला ते त्यांवरून दिसतं.

त्याच संध्याकाळी वही उघडून त्या सीमेपुढे तारीख टाका: काय विचारलं, काय घेतलं, काय तसंच जाऊ दिलं, किती वेळ गेला. खाली परतीच्या सीमेची तारीख लिहा आणि तिथून सात दिवस मागे मोजून कॅलेंडरवर खूण करा. त्या दिवशी शेवटची मोठी खरेदी.